पाणी कुठून आलं ते आधी विचारा

रविवारची उपासना आटपून ठाण्यात वर्तकनगरच्या नाक्यावर भाजी घेत होते. आमच्याच म्हाडाच्या वसाहतीतली एक सून शेजारी येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "काकू, बाळाची सुंता करायला हवी का हो?" माझ्या हातातली मेथीची जुडी हातातच राहिली.

झालं होतं असं. ती कुठल्याशा घरगुती प्रार्थनेला जायला लागली होती. तिथल्या एकाने सांगितलं, तुझा बाप्तिस्मा तान्हेपणी झालाय, तो धरायचा नाही. येऊरच्या एका बंगल्यातल्या तलावात पुन्हा बुडवून घे. दुसऱ्याने त्यावर कडी केली: आठवा दिवस टळलाच आहे, आता निदान मुलाची सुंता तरी करून टाका, देवाने अब्राहामाशी केलेला करार कायमचा आहे. नवऱ्याशी बोलायची सोय नाही, सासूला सांगायचं धाडस नाही. तिला तिथल्या तिथे दोन उत्तरं दिली: सुंतेची गरज नाही, आणि दुसऱ्या बुडीचीही नाही. पण नुसत्या 'नाही'ने भीती जात नाही. म्हणून तिच्यासाठी, आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी, जरा सविस्तर लिहिते.

सुंतेपासून सुरू करू. ही कुठली दूरदेशीची गोष्ट नाही. टेंभी नाक्यावर, सिव्हिल हॉस्पिटलच्या जवळ, शाअर हाशमाईम हे सिनेगॉग १८७९ पासून उभं आहे. तिथली मंडळी बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहूदी. पेणकर, केहिमकर, नवगावकर अशी गावावरून पडलेली आडनावं, घरात मराठी. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही त्यांची परंपरेने चालत आलेली कथा. कोकणात ते तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. हिब्रू जवळजवळ विसरले, पण शनिवार आणि मुलाची आठव्या दिवसाची सुंता सोडली नाही. एखादा समाज भाषा विसरून एक खूण मात्र शेकडो वर्षं जपतो, तेव्हा ती खूण त्याला काय वाटत असेल याचा विचार करा, आणि मग ती कुणावर लादायची की नाही ते ठरवा.

शाळेतल्या एका मैत्रिणीच्या भाच्याच्या सुंतेला मी गेले होते. लक्षात राहिली ती एक रिकामी खुर्ची. ती एलीया संदेष्ट्यासाठी. तो प्रत्येक सुंतेला हजर असतो अशी श्रद्धा आहे. आपल्याकडचे बेने इस्राएल तर 'एलियाहू हन्नाबी' म्हणून त्याच्या नावाने पोहे, गूळ, खोबरं, फळं घालून मलिदा करतात. बाळ आजोबांच्या मांडीवर होतं. कापसाचा बोळा वाइनमध्ये भिजवून त्याच्या ओठांना लावला, काम क्षणात झालं, आणि लगेच त्याचं नाव पुकारलं. आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसं असतं, तसं त्यांचं नाव आठव्या दिवशी. मोजणीही लक्षात ठेवण्यासारखी: जन्माचा दिवस पहिला धरायचा आणि दिवस सूर्यास्ताला बदलतो. बुधवारी दुपारी जन्मलेल्या मुलाची सुंता पुढच्या बुधवारी; तोच बुधवारी दिवेलागणीनंतर जन्मला तर गुरुवारी.

आता लूकचं शुभवर्तमान उघडा. योहान बाप्तिस्त्याचा आठवा दिवस तिथे आहे. शेजारीपाजारी बापाचंच नाव ठेवायला निघालेत, आई अलीशिबा म्हणते नाही, आणि मुका झालेला बाप जखऱ्या पाटीवर 'योहान' लिहून देतो. पुढच्याच अध्यायात येशूचा आठवा दिवस. २५ डिसेंबरपासून मोजा, १ जानेवारी येते. शतकानुशतकं चर्चच्या पंचांगात त्या दिवसाचं नाव 'प्रभूची सुंता' असंच होतं. आपण त्या दिवशी नव्या वर्षाचा केक कापतो, आणि सुंता हा शब्द निघाला की नाकं मुरडतो. हे थांबवू या. आपल्या प्रभूच्या अंगावर जी खूण होती तिची टिंगल आपल्या तोंडी शोभत नाही.

बाप्तिस्म्याचं पाणीही त्याच घरातलं आहे. यहूदी लोकांत शुद्धीसाठी मिक्वे नावाचं कुंड असतं. त्यातलं मूळ पाणी झऱ्याचं किंवा पावसाचं, आपणहून साचलेलं हवं. बादलीने वाहून आणलेलं धरत नाहीत. थोडक्यात, टँकरचं चालत नाही. बायका मासिक पाळीनंतर त्यात पूर्ण बुडी घेतात. बाहेरचा माणूस यहूदी होऊ पाहतो तेव्हा पुरुषाला सुंता आणि बुडी दोन्ही, बाईला बुडी. यातली एकच पुरे की दोन्ही हव्यात, यावर त्यांच्या जुन्या गुरूंनीही वाद घातला आहे. तो तालमुदात नोंदलेला आहे आणि निर्णय 'दोन्ही' असा झाला. नव्याने येणाऱ्याला बुडी द्यायची चाल योहानाच्या आधीची की नंतरची, हे पंडित अजून भांडून ठरवताहेत. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते योहानाने यार्देनच्या काठी केलं ते. समोरचे लोक सुंता झालेलेच होते, अब्राहामाची लेकरं म्हणवणारे होते. त्यांना तो म्हणाला, तुम्हीही पाण्यात उतरा. जन्माच्या जोरावर कुणाला सूट नाही.

मग येशूच्या मागे यहूदी नसलेले लोक येऊ लागले आणि नेमका तुझाच प्रश्न उभा राहिला, पोरी. त्यांची सुंता करायची का? साधारण इसवी सन ४९ च्या सुमारास यरुशलेमेत बैठक बसली, प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात सगळं आहे, आणि ठरलं की हे ओझं त्यांच्यावर घालायचं नाही. म्हणजे तुझ्या बाळाचा निकाल लागून जवळजवळ दोन हजार वर्षं झाली. पौलाने तीमथ्याची सुंता केली, ती त्या भागातल्या यहूद्यांखातर; त्याची आई यहूदी होती. ग्रीक तीताची होऊ दिली नाही. कलस्सैकरांना लिहिताना तो बाप्तिस्म्याला सुंतेशेजारी आणून बसवतो: हातांनी न केलेली सुंता, आणि लगेच पुढे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं, उठणं. डॉक्टरांनी वैद्यकीय कारणाने सुंता सांगितली तर तो डॉक्टरांचा विषय. तारणासाठी म्हणून कुणी सांगितलं तर गलतीकरांचं पत्र त्याच्यापुढे ठेव. पौल इतका चिडलेला दुसरीकडे कुठे सापडत नाही.

सुंतेच्या जागी बाप्तिस्मा आला, या अदलाबदलीत बायकांच्या वाट्याला काय आलं, हे उपदेशात फारसं कुणी सांगत नाही. सुंता मुलाचीच. माझ्या आईचा, माझा आणि माझ्या नातीचा बाप्तिस्मा झाला तो आमच्या पुरुषांच्याच पाण्याने, त्याच शब्दांनी. पौल गलतीकरांना पुरुष आणि स्त्री हा भेद उरला नाही म्हणतो, ते बाप्तिस्म्याचा उल्लेख केल्यावर लगेच. ज्या आजीने पहिली नात झाली म्हणून तोंड पाडलं असेल, तिने पौलाचे ते शब्द बाप्तिस्म्याच्या आदल्या रात्री मोठ्याने वाचावेत.

राहिली दुसरी बुडी. तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा द्यावा की समज आल्यावर, हा वाद खरा आहे आणि दोन्हीकडे देवभीरू माणसं आहेत. अब्राहामाने आधी विश्वास ठेवला आणि सुंता नंतर झाली, असं एक बाजू म्हणते; ते बरोबरच आहे. पण इसहाकाची आठव्या दिवशी झाली, त्याला कुणी विचारलं नाही, हेही बरोबर. इसवी सन २५३ च्या सुमारास कार्थेजच्या बिशप कुप्रियानापुढे प्रश्न आला तो वेगळाच: सुंतेसारखं बाप्तिस्म्यालाही आठव्या दिवसापर्यंत थांबायचं का? त्याच्यासह जमलेल्या बिशपांनी कळवलं, थांबू नका. तान्ह्यांना पाणी द्यायची चाल तेव्हाही होती, आणि सुंतेची मोजणी लोकांच्या डोक्यात होती, हे त्यावरून दिसतं. जुनी बाप्तिस्म्याची कुंडं पुष्कळ ठिकाणी अष्टकोनी असतात, त्यातही तो आठवा दिवस आहे. शनिवार सातवा, म्हणून पुनरुत्थानाचा रविवारही आठवाच.

पाणी किती, यावर तर 'दिदाखे' हे अगदी आरंभीच्या चर्चचं पुस्तक आपल्या पाणीकपातीच्या दिवसांसारखं बोलतं: वाहतं मिळालं तर वाहतं घ्या, नाहीतर दुसरं, थंड नसेल तर कोमट, तेवढंही नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. ओतलेलं पाणी खोटं, असं म्हणणाऱ्याने हे वाचलेलं नसतं. तुझ्या बाप्तिस्म्यावर तुझा विश्वास बसत नसेल तर पाळकांकडे जा, कॅथलिक असशील तर फादरांकडे. दृढीकरण कशासाठी असतं ते विचार. मोठेपणी विश्वासात आलेल्याने पहिल्यांदा बुडी घ्यावी, आनंदाने घ्यावी. घाबरवून घ्यायला लावलेली दुसरी बुडी घेऊ नये.

खूण असून पुन्हा पुरावा मागितला की माणसाला कसं लागतं, हे आपल्या बेने इस्राएल शेजाऱ्यांना विचारा. इस्रायलमध्ये गेल्यावर १९६० च्या दशकात तिथल्या रब्बींनी लग्नाआधी त्यांच्या वंशाची चौकशी लावली. पिढ्यान्‌पिढ्या आठवा दिवस पाळणारी माणसं रस्त्यावर उतरली, आणि १९६४ साली तिथल्या सरकारला जाहीर करावं लागलं की हे पूर्ण यहूदी आहेत.

उलट बाजूने आपले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यापायी काय सोसलं ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त आहे. १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची मंडळी काढली तेव्हा मात्र बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तीत जागा ठेवली. तुमच्या घरात प्रार्थनेला येणारा, पण पाण्यात न उतरलेला जावई किंवा दीर असेल, तर त्याला दर रविवारी टोचू नका.

आणि नातवंडाच्या बाप्तिस्म्याची तारीख ठरली की केटररला फोन करण्याआधी एक सकाळ मोकळी काढा. शनिवार नको, तो बेने इस्राएलांचा शब्बाथ. आधी विचारून, ओळखपत्र बरोबर ठेवून, डोकं झाकून टेंभी नाक्याचं सिनेगॉग बघून या. फोटो विचारल्याशिवाय काढू नका आणि पत्रकं तर मुळीच नेऊ नका. तिथून तलावपाळीला चालत जाता येतं. मासुंदा तलावाच्या काठी पोर्तुगीज काळापासूनचं चर्च आहे, त्याचं नाव योहान बाप्तिस्त्याचं. हा एलीयाच्या आत्म्याने येईल, असं देवदूताने त्याच्या बापाला सांगितलं होतं. ती रिकामी खुर्ची ज्याची, तोच हा एलीया, हे मुलांना तिथे पायरीवर बसून सांगा.