बंदर म्हणजे सहल नव्हे

मुलगा नौदलात गेला की आपण कौतुकानं सांगतो, ‘जग पाहतोय!’ मुलीनं तेच म्हटलं की आमच्या नागपुरात कुजबुज सुरू, ‘पोरीची जात, बंदरोबंदरी फिरणार?’

मला हे पटत नाही. बंदरात रसद भरायची, डागडुजी करायची, घरी फोन लावायचा अन् पुन्हा निघायचं. ऑक्टोबर २०२४मध्ये लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा या दोघीच ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून गोव्याहून निघाल्या. आठ महिन्यांत पृथ्वीप्रदक्षिणा, वाटेत बंदरं फक्त चार! २०२३मध्ये चिल्काहून बाहेर पडलेल्या नौदलाच्या पहिल्या अग्निवीर तुकडीत २७३ मुली होत्या.

आपल्याकडे समुद्र नाही, अंबाझरी तलाव आहे. म्हणून काय झालं? बायांनो, लेकीला अर्ज भरू द्या. काळजी काय, मुलाचीही करतोच की!