औषधाने केस आले नाहीत, मग?
(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिकांकासाठी लेख द्यावेत अशी सूचना फलकावर लागली तेव्हा आमच्या वर्गात विषय ठरू लागले. कोणी दुष्काळ घेतला, कोणी मोबाइलचे वेड, कोणी ग्रामीण साहित्य. मी म्हणालो, मी केस गळण्यावर लिहिणार. सगळे हसले. पण हसणाऱ्यांपैकी निदान चौघांच्या खोलीत, उशाखाली किंवा ट्रंकेत, ती फवाऱ्याची लहान बाटली मी स्वतः पाहिली आहे. प्राध्यापकांच्या खोलीतही ती असेल. तेथे पाहण्याचा मला अधिकार नाही.

माझे वडील न्हावी आहेत. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेली नाही. न्हाव्याला पाहिले की हजामत वाढते अशी म्हण आहे. आमच्या घरी उलटेच झाले. बारावीची परीक्षा संपल्यावर बाबा माझे केस कापत होते आणि कात्री मध्येच थांबली. म्हणाले, "तुह्या शेंड्याचे केस बारीक होऊन राह्यले." मला वाटले, लांबी म्हणत असतील. ते जाडी म्हणत होते. तीस वर्षे बोटांनी डोकी चाचपणाऱ्या माणसाला जे एका क्षणात कळले, ते मला पुढे पुस्तकात वाचायला मिळाले. पुरुषी टकलात केस एकाएकी झडत नाहीत. केसाचे मूळ दरवेळी थोडे आकसते, आणि प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक व आखूड येतो. शेवटी लव राहते.

याचे कारण शरीरातच असते. टेस्टोस्टेरॉनपासून डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन नावाचे संप्रेरक बनते, आणि आनुवंशिकतेने ज्यांची कपाळावरची व शेंड्याची मुळे त्याला हळवी असतात त्यांचे केस जातात. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये दाखवून दिले की, वयात येण्यापूर्वी ज्यांचे वृषण निकामी झाले त्यांना टक्कल पडत नाही. मामाला टक्कल असेल तर भाच्याला पडते असे आपल्याकडे म्हणतात; ते अर्धेच खरे आहे. आईकडून येणाऱ्या एका जनुकाचा त्यात मोठा वाटा आहे, पण वडिलांच्या बाजूचीही जनुके असतात. माझ्या दोन्ही मामांच्या डोक्यावर जंगल आहे.

मी काय केले? जे सगळे करतात तेच. मोबाइलवर एक चित्रफीत पाहिली आणि मेडिकलमधून मिनॉक्सिडिलची बाटली आणली. डॉक्टर नाही, चिठ्ठी नाही. तीन आठवड्यांत केस पूर्वीपेक्षा जास्त गळू लागले. घाबरून बंद केले. दोन महिन्यांनी पुन्हा सुरू केले. परीक्षेत विसरलो, गावी गेलो तेव्हा बाटली वसतिगृहात राहिली, आणि आईने माया करून त्यावर खोबरेल चोपडले. आठ महिन्यांनी मी जाहीर केले की औषध कुचकामी आहे.

जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी दवाखान्यात त्वचारोगाच्या डॉक्टर बाईंना दाखवले तेव्हा त्यांनी विचारले, "आठ महिन्यांतले रोज लावलेले दिवस किती?" मी मनातल्या मनात मोजले. चार महिनेसुद्धा भरेनात. मग त्यांनी समजावले. सुरुवातीला जास्त गळणे हे बहुधा औषध लागू पडत असल्याचे चिन्ह असते. जुने केस पडून मुळे नव्या फेरीला लागतात. रोज न चुकता लावून निदान चार ते सहा महिने थांबायचे असते, आणि खरा निकाल वर्षाने. औषधाने निराशा केली असे म्हणणाऱ्या आपल्यातील कितीतरी जणांनी औषध घेतलेलेच नसते. ही काही फार मोठ्या शहाणपणाची गोष्ट नाही, पण मला ती सांगायला एका माणसाची गरज पडली.

बाईंनी दुसरा प्रश्न विचारला तो मला अधिक मोलाचा वाटतो. "हे केस कशाने जातायत, हे तुला कोणी सांगितलं?" बाबांनी, असे मी म्हणालो. त्या हसल्या नाहीत. भिंगातून डोके पाहिले आणि म्हणाल्या, तुझ्या वडिलांचं निदान बरोबर आहे. पण सगळ्यांच्या घरी असे वडील नसतात. माझ्या धाकट्या बहिणीला टायफॉइड झाला होता. ताप उतरल्यावर दोन-अडीच महिन्यांनी तिचे केस मुठीमुठीने येऊ लागले. शेजारच्या काकूंनी एक तेल दिले. सहा महिन्यांत केस परत आले आणि तेलाचे नाव गल्लीभर झाले. मोठ्या तापानंतरची ही गळती कोणत्याही तेलावाचून आपोआप थांबते, हे मला आता कळले. रक्त कमी असेल, थायरॉइड बिघडले असेल, डोक्याला बुरशी लागली असेल, तर मिनॉक्सिडिलच्या दहा बाटल्या ओतूनही मूळ दुखणे तसेच राहते. आमच्या वर्गातील मुली वेणी पातळ झाल्याचे एकमेकींना हळूच सांगतात, शाम्पू बदलतात. घरात शेवटी जेवणाऱ्या मुलीच्या रक्तात लोह किती आहे ते मात्र कोणी तपासत नाही.

आमच्या भागाला तर हा धडा फार मोठी किंमत देऊन मिळाला आहे. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड अशा गावांत लोकांचे केस चार-पाच दिवसांत मुळासकट हातात येऊ लागले. बायका, मुले, म्हातारे, कोणी सुटले नाही. आधी पाण्यावर संशय, मग बुरशीवर. वस्तऱ्याने आणि कंगव्याने हा रोग पसरतो अशीही आवई उठली आणि बाबांच्या दुकानात आठ दिवस गिऱ्हाईक फिरकले नाही. दिल्लीहून संशोधकांची पथके आली. विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपास करून रेशनच्या गव्हातील अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखवले. पुढे पुष्कळांचे केस परत येऊ लागले. त्या दिवसांत तेल आणि लोशन विकणारेही गावात येऊन गेले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

असो. माझे निदान पक्के होते, म्हणून मी नव्याने, नेमाने, वर्षभर औषध लावले. आता निकाल सांगतो. शेंड्यावरची गळती थांबली आहे, थोडी लव जाड झाली आहे. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे गेले ते गेलेच. ज्या मुलाने चित्रफितीत घनदाट केस पाहिले होते त्याची ही निराशाच. म्हणजे औषध नीट घेऊनही हे होऊ शकते, आणि त्यात माझा दोष नाही. मिनॉक्सिडिल डोक्याच्या त्वचेत गेल्यावर एका विकराकडून त्याचे रूपांतर व्हावे लागते. काहींच्या त्वचेत ते विकर कमी असते. मुळात हे रक्तदाबाचे औषध. रोग्यांच्या अंगावर केस वाढले म्हणून कोणाच्या तरी लक्षात आले, आणि १९८८ मध्ये अमेरिकेत ते डोक्याला लावण्यासाठी मान्य झाले.

यापुढचे मार्ग बाईंनी मला सांगितले. फिनास्टेराइडची गोळी आहे. १९९७ पासून टकलासाठी मान्य. ती संप्रेरकाच्या मुळावरच घाव घालते, म्हणून तिचा आधार मोठा आहे. पण काही पुरुषांना तिच्यामुळे कामेच्छेच्या तक्रारी होतात, क्वचित मनही खचते. त्यामुळे डॉक्टरांशी मोकळेपणी बोलल्याशिवाय ती घेऊ नये. आमच्यात हा मोकळेपणाच नसतो. मुले मित्राच्या मित्राकडून गोळ्या मागवतात. ड्युटास्टेराइड ही तिची अधिक जोरदार बहीण. दक्षिण कोरियात २००९ मध्ये आणि जपानमध्ये २०१५ मध्ये केसांसाठी मान्य झाली. मिनॉक्सिडिल थोड्या मात्रेत पोटातूनही देतात, पण रक्तदाब आणि हृदय पाहून. स्वतःचे रक्त काढून, त्यातील अंश वेगळा करून डोक्यात टोचण्याचाही प्रकार आहे. कोणाला गुण येतो, कोणाला नाही, आणि पैसे मात्र दोघांचेही सारखेच जातात.

राहिले केशरोपण. याचे तत्त्व बाबांना ठाऊकच होते. "मागचे केस मरेपर्यंत राह्यतात," ते नेहमी म्हणतात. ते मागचे केस पुढे लावले तरी आपला गुण सोडत नाहीत, हे नॉर्मन ऑरेंट्राइक या अमेरिकन डॉक्टरांनी १९५९ मध्ये मांडले. पण मागची शिल्लक मोजकीच असते. एकोणिसाव्या वर्षी ती खर्च केली आणि पुढे उरलेले टक्कल पडतच राहिले, तर कपाळावर लावलेली ओळ आणि मागे रिकामे मैदान अशी स्थिती होते. शिवाय औषध सुटत नाही ते नाहीच. मी मोठ्या शहरातील एका क्लिनिकला फोन केला होता. पलीकडच्या माणसाने माझे वय विचारण्याआधी माझे बजेट विचारले आणि हप्त्याची सोय सांगितली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये बजावले आहे की, हे काम शस्त्रक्रियेचे रीतसर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरानेच करावे, कार्यशाळा किंवा चित्रफिती पाहून शिकलेल्याने नाही. असे बजावण्याची वेळ का आली असेल, याचा विचार मित्रांनी करावा.

आमच्या घरी पैसे डोक्यांत मोजतात. गावात एका डोक्याचे साठ रुपये. माझी एक बाटली म्हणजे दहा-बारा डोकी, दर महिन्याला. क्लिनिकने सांगितलेली रक्कम म्हणजे तेराशेहून अधिक डोकी. बाबांनी कधी हिशेब विचारला नाही. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी ते पाठ धरून बसतात तेव्हा मी तो आपोआप करतो.

म्हणून माझे मत मांडतो, कोणाला पटो न पटो. या सगळ्या मार्गांच्या यादीत एक मार्ग कोणीच लिहीत नाही: थांबणे. तो लिहीत नाहीत, कारण तो विकता येत नाही. बाईंनीही तो आपणहून सांगितला नाही. मला विचारावा लागला. विचारल्यावर मात्र त्यांनी सरळ उत्तर दिले. बंद केलेस तर औषधाने जे राखले ते काही महिन्यांत जाईल, आणि औषध घेतलेच नसते तर जेथे असतास साधारण तेथे येशील. त्याहून वाईट काही होणार नाही. हे एक वाक्य मला कोणत्याही जाहिरातीत सापडले नाही. आपल्या देशात औषधांविषयीच्या १९४५ च्या नियमांत जे विकार बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये अशी यादी आहे, तिच्यात टक्कलही आहे. भिंतींवरच्या जाहिराती वाचून हे कोणाला खरे वाटेल?

मी सर्वांनी औषध सोडावे असे म्हणत नाही. ज्याच्या घरी पैसा आहे, ज्याला गुण आहे, त्याने जरूर घ्यावे; केसांची हौस असणे हा गुन्हा नव्हे. पण ज्याला गुण नाही तो पुढच्या महागड्या पायरीवर चढतो, कारण मागे फिरणे म्हणजे हार असे त्याला वाटते. आणि तसे त्याला आपण वाटायला लावतो. 'विमानतळ', 'चंद्र उगवला', 'अर्धे भाडे' ही नावे आमच्याच वर्गात ठेवली गेली आहेत, आणि त्यांपैकी एक ठेवणारा मी होतो, स्वतःचा शेंडा विरळ होण्यापूर्वी. त्या मित्राने दोन वर्षांत किती बाटल्या रिकाम्या केल्या ते त्याने मला गेल्या महिन्यात सांगितले. मी त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, जाऊ दे.

माझी सध्याची बाटली एक तृतीयांश उरली आहे. परीक्षा संपली की वर्षापूर्वीचे आणि आताचे, असे दोन फोटो घेऊन बाईंकडे जाईन. गोळीविषयी अजून ठरवले नाही. दिवाळीच्या सुट्टीत बाबांनी खुर्चीत बसवले, कापड गळ्याभोवती बांधले आणि विचारले, "कोपरे झाकू का?" गिऱ्हाइकांचे कोपरे ते सुरेख झाकतात. मी म्हणालो, नको, मशीन लावा. त्यांनी आरशातून एकदा माझ्याकडे पाहिले, तीन नंबरची क्लिप चढवली आणि मागून सुरुवात केली.