खुर्च्या कोण मांडतं?

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. परवा आत्याचा मेसेज आला, "बरी आहेस ना गं?" बरी आहे. चिडलेली आहे. आणि चिडल्याशिवाय माझ्याच्यानं लिहिणं होत नाही, हे घरच्यांना ठाऊक आहेच.

निमित्त एका परिपत्रकाचं. ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. त्या सुमारास आमच्या विद्यापीठात (नाव लिहीत नाही, पेन्शन अजून व्हायची आहे) कर्मचाऱ्यांचं सुरक्षा प्रशिक्षण असतं. मी रसायनशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक, त्यामुळे यादीत माझं नाव असतंच. कार्यक्रम ठरलेला. शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन (सुरक्षा प्रशिक्षणात उघडी ज्योत आणि भोवती सिंथेटिक साड्या, यावर अजून कुणी बोललेलं नाही), उभं राहून शपथ, मग इंग्रजीतल्या साठेक स्लाइड्स. त्यात आग विझवायच्या नळकांड्याचं चित्र. चित्रच. खरं नळकांडं एकवीस वर्षांच्या नोकरीत मी एकदाही चालवून पाहिलेलं नाही. शेवटी नॅकच्या फायलीसाठी जिओटॅग फोटो, वडा-चहा आणि प्रमाणपत्र. माझ्याकडे अशी नऊ प्रमाणपत्रं आहेत.

या सगळ्यात हॉलमधल्या खुर्च्या कोण मांडतं? आमचे मामा. विभागात सगळे त्यांना मामाच म्हणतात. दहावीपर्यंत शिकलेले, कंत्राटदाराकडून आलेले. वर्षभर बाटल्या उचलणं, बेसिन धुणं, उरलंसुरलं रसायन गोळा करणं हे काम त्यांचं आणि झाडणाऱ्या मावशींचं. त्यातली निम्मी रसायनं प्राध्यापकांनी गेल्या दहा वर्षांत हातात धरली नसतील. प्रशिक्षणाच्या दिवशी मामा खुर्च्या लावतात, माइकवाल्याला वायर देतात आणि पहिली स्लाइड लागली की चहा बघायला खाली जातात.

२०१९ मध्ये प्रॅक्टिकल संपल्यावर टेबलावर थोडं नायट्रिक ॲसिड उरलं होतं. मामांनी ते एका रिकाम्या बाटलीत ओतलं. चांगली घट्ट बुचाची बाटली, वाया कशाला घालवायची? बाटली ॲसिटोनची होती, तळाला थोडं शिल्लक होतं. नायट्रिक ॲसिड आणि ॲसिटोन एकत्र आले की तापतात, वायू तयार होतो, आणि बूच घट्ट असेल तर तो जाणार कुठे? वीस मिनिटांनी बाटली फुटली. काचा मामांच्या कोपरापर्यंत घुसल्या. डोळे वाचले, कारण नाकावर जवळचा चष्मा होता. सेफ्टी गॉगल कपाटात होते, कपाटाला कुलूप होतं, किल्ली रजेवर होती.

चौकशी झाली. अहवालात लिहिलं, "कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा." खालच्या सह्यांत एक माझी आहे.

हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. त्या बाटलीत काय होणार हे मला माहीत होतं. मी ते कॉलेजात शिकले होते, स्लाइडवर पाहिलं होतं, पण मामांना सांगावं असं कधी मनातसुद्धा आलं नाही. वाटलं असणार, कुणीतरी सांगितलं असेल.

वरून म्हणतात, "त्यांना काय कळणार हे सगळं?" मामा घरी गॅसचा सिलिंडर बदलतात, गावी शेतावर कीटकनाशक फवारतात. कळतं त्यांना. इंग्रजी लेबल कळत नाही. दुसरं कारण पैशांचं सांगतात. शालीला पैसे असतात.

आणि हे आमच्याच विभागाचं रडगाणं नाही. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-६० असलेलं एक यंत्र १९८५ पासून पडून होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये ते भंगार म्हणून लिलावात विकलं गेलं. मायापुरीच्या भंगार बाजारात कामगारांनी ते फोडलं. एकाने तर त्यातला चकाकता तुकडा पाकिटात ठेवला. कोबाल्ट-६० ची ताकद सव्वापाच वर्षांनी निम्मी होते, म्हणजे पंचवीस वर्षांत ती पंचविसाव्या हिश्शाच्या आसपास आली असणार. तेवढीही एका कामगाराचा जीव घ्यायला पुरली, बाकीचे कितीतरी आजारी पडले. मला भेडसावतो तो निर्लेखनाचा कागद. विद्यापीठात भंगार काढायचं तर समिती, स्टोअर, ऑडिट, सगळ्यांच्या सह्या लागतात. इतक्या हातांतून गेलेल्या कागदावर एकालाही थांबावंसं वाटलं नाही? स्टोअरकीपरला आणि हमालाला तीन पाकळ्यांचं ते पिवळं चिन्ह कुणी कधी समजावून सांगितलं होतं का?

"अमेरिकेत असं होत नाही," असं आमचे एक सर नेहमी म्हणतात. होतं. २९ डिसेंबर २००८ रोजी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शेरी संगजी ही तेवीस वर्षांची संशोधन सहायक सिरिंजने टर्शरी ब्युटिल लिथियम काढत होती. हवा लागली की आपोआप पेटणारा पदार्थ. दट्ट्या निसटला. अंगावर लॅबकोट नव्हता, स्वेटर होता. अठरा दिवसांनी ती गेली. विद्यापीठाला दंड झाला, कारणांत प्रशिक्षणाचा अभाव होताच. पण तो दंड होऊ शकला, कारण ती पगारी कर्मचारी होती. तेच काम करणारी विद्यार्थिनी असती तर कामगार सुरक्षेचा तो कायदा तिला लागूच नव्हता.

आमचे मामा पगारी आहेत, पण पगार कंत्राटदाराचा. या वर्षीचं परिपत्रक आलं ते ऑनलाइन प्रशिक्षणाचं. लिंक, इंग्रजी व्हिडिओ, दहा प्रश्न. यादीत मामा नाहीत, मावशी नाहीत. मी पत्र दिलं. तोंडी उत्तर मिळालं, "ती माणसं कंत्राटदाराची, जबाबदारी त्याची." कंत्राटदाराला नायट्रिक ॲसिड म्हणजे काय हे माहीत असेल, असं मला वाटत नाही.

मग दोन शनिवार आम्हीच बसलो. प्लास्टिकच्या बाटलीत व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा घालून मी बूच लावलं आणि लांब उभे राहिलो. बूच उडाल्यावर मावशी हसायला लागल्या. मामा हसले नाहीत. बाह्या खाली ओढून म्हणाले, "ताई, हे इतकं सोपं होतं?"

लेबलं आता मराठीत लिहून चिकटवतेय, बॉलपेनाने. गॉगलच्या कपाटाचं कुलूप मी काढून टाकलंय, त्याबद्दल स्टोअरने माझ्याकडे लेखी खुलासा मागितला आहे. खुलासा दिला, सोबत दुसरं पत्र जोडलं, मामा-मावशींची नावं यादीत घाला म्हणून. खुलाशाची पोच लगेच मिळाली. पत्राची अजून नाही.