गाडी दिली, आता जागा द्या

राज्य सरकारने दिव्यांगांना ई-वाहनावरील फिरती दुकाने दिली; ती उभी करायला हक्काची जागा देणे हे आता महापालिकेचे कर्तव्य आहे, अशी आमची ठाम भूमिका आहे.

नागपूरच्या लकडगंजसारख्या गजबजलेल्या भागात बौद्धिक दिव्यांग मुलगा अशा गाडीवर माल मांडतो, सुटे पैसे मोजतो आणि म्हातारी आई हिशेब सांभाळते. अतिक्रमणविरोधी पथक आले की आवराआवर तिच्याच माथी येते. ती थकली की धंदा बसतो आणि कमावता झालेला मुलगा पुन्हा परावलंबी होतो.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम ३७ने व्यवसायासाठी सवलतीत जमीन देताना ५ टक्के आरक्षण बंधनकारक केले आहे. तोच न्याय लावून महापालिकेच्या लकडगंज झोनने अशा मुलांच्या नावे जागा आखून द्याव्यात आणि पालकांची मदतनीस म्हणून नोंद करावी. हे पालकांच्या हयातीतच व्हायला हवे. त्यांच्या पश्चात मिळालेला जागेचा परवाना निव्वळ कागद ठरेल.