तार छेडणारी बोटे

'तेच तुणतुणे पुन्हा लावू नकोस' हे वाक्य कधीच उच्चारले गेले नाही असे घर महाराष्ट्रात विरळाच. सासूबाई सुनेस म्हणतात, वडील चिरंजीवांस म्हणतात, आणि अलीकडे चिरंजीवही वडिलांस म्हणू लागले आहेत. कंटाळा येईतो एकच गोष्ट उगाळणे, एवढाच तुणतुण्याचा अर्थ आपल्या बोलण्यात उरला आहे. त्या बिचाऱ्या वाद्याची बाजू घेऊन कोणी दोन शब्द बोलल्याचे आमच्या ऐकिवात नाही. ह्या महिन्यात ते काम आम्ही शिरावर घेतले आहे. मात्र तुणतुण्यापाशी पोचण्यापूर्वी वाचकांस थोडा आडवळणाचा, म्हणजे अमेरिकेतून, प्रवास करावा लागेल.

कारण असे की, हल्ली पुष्कळ घरांत तंबोरा माळ्यावर आणि गिटार माजघरात अशी स्थिती आहे. घरातील एखादा तरुण ती मांडीवर घेऊन बसला की वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठी पडते, आणि 'काय हे परदेशी तुणतुणे!' असा शेरा मिळतो. ह्या एका शेऱ्यात दोन अन्याय होतात. एक गिटारीवर आणि दुसरा तुणतुण्यावर. दोन्हींचा विचार एकत्र केला तर दोन्ही पिढ्यांचे थोडे समाधान होईल, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील डोंगराळ मुलुखात शेतकरी आणि खाणकामगार ह्यांच्या घरांतून वाढलेले जे खेडवळ संगीत, त्यास तिकडे 'कंट्री' म्हणतात. त्यातील गिटार ऐकू लागले म्हणजे पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही की, वाद्य एकच असले तरी प्रत्येक हाताची तार छेडण्याची रीत निराळी आहे. आमच्या आवडीचे चारच वादक येथे सांगतो.

पहिली मेबेल कार्टर. 1927 च्या ऑगस्टात ब्रिस्टल ह्या गावी व्हिक्टर कंपनीने खेड्यापाड्यांतील गाणी मुद्रित करून घेतली. तेथे ए. पी. कार्टर, त्यांची पत्नी सारा आणि धाकट्या भावाची पत्नी मेबेल ही तिघे गेली. सारा व मेबेल ह्या जावा तर होत्याच, शिवाय नात्याने बहिणीही होत्या. मेबेलचे वय त्या वेळी अवघे 18 आणि दिवस भरत आलेले. ही मुलगी अंगठ्याने जाड तारांवर चाल वाजवी आणि त्याच वेळी तर्जनीने बारीक तारांवरून खालीवर हात फिरवून ताल धरी. चाल आणि ठेका ही दोन माणसांची कामे एकाच हाताने व्हावीत, ह्याचे आमच्या भगिनींस फारसे नवल वाटणार नाही. स्वयंपाकघरात त्यांचा हात रोज तेच करीत असतो.

दुसरा मर्ल ट्रॅव्हिस. 1917 साली केंटकी संस्थानात खाणकामगाराच्या घरी जन्मलेला. त्याची रीत मेबेलच्या नेमकी उलट. अंगठा खर्जाच्या तारांवर एकाआड एक ठोका देत चालायचा आणि चाल मात्र एकट्या तर्जनीने निघायची. चेट अ‍ॅटकिन्स ह्या मुलाने ते वादन रेडिओवर ऐकले. हात दिसत नव्हता. एवढे सूर काढावयास एक बोट कसे पुरेल, असे वाटून तो अंगठा आणि दोन-तीन बोटे चालवू लागला आणि त्यातून त्याची स्वतःचीच रीत तयार झाली. एकलव्यालाही गुरूच्या सान्निध्यावाचून विद्या साधली होती. फरक इतकाच, की त्याला गुरुदक्षिणेत अंगठा द्यावा लागला. येथे मात्र अंगठाच सर्व कारभाराचा धनी झाला.

तिसरी एलिझाबेथ कॉटन. 1893 साली नॉर्थ कॅरोलिनात जन्मलेली ही कृष्णवर्णीय बाई डावखुरी होती. घरातली गिटार उजव्या हाताच्या माणसासाठी तारा लावलेली. तिने तारा न बदलता वाद्यच उलटे धरले. त्यामुळे खर्ज बोटांकडे आणि चाल अंगठ्याकडे आली. पुढे संसार आणि चाकरी ह्यांत वाद्य वर्षानुवर्षे सुटले. सीगर कुटुंबाच्या घरी ती घरकामास होती. त्या गाण्याबजावण्याच्या घरात भिंतीवरची गिटार तिने एके दिवशी खाली काढली, तेव्हा स्वयंपाकीणबाईंच्या हातात काय आहे हे घरच्यांस कळले. तिची पहिली तबकडी 1958 साली, वयाच्या साठीपलीकडे निघाली. आपल्याही घरी भांडी घासणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या हातांत काय काय दडले आहे, हे आपण कधी विचारले आहे काय?

चौथा डॉक वॉटसन (1923–2012). बालपणीच दृष्टी गेलेला. तो ज्या नाचाच्या ताफ्यात होता त्यात फिडलवाला नव्हता. म्हणून फिडलीच्या भरधाव चाली त्याने एका चपट्या नखीने गिटारीवर उतरविल्या. उणीव होती, तिचीच शैली झाली.

आता ट्रॅव्हिसच्या मागे उभा असलेला पाचवा माणूस. ट्रॅव्हिसने ही विद्या मोझ रेगर आणि आइक एव्हर्ली ह्या आपल्या भागातील वादकांकडून घेतली. आणि तिचे मूळ शोधीत गेले म्हणजे आर्नल्ड शुल्ट्झ ह्या कृष्णवर्णीय वादकाचे नाव येते. हा 1931 साली वारला. त्याचे एकही मुद्रण नाही. त्याचा सूर कोणास ऐकता येत नाही. तरी त्याचे नाव राहिले, कारण शिकणाऱ्यांनी 'हे आम्ही अमक्याकडून घेतले' असे आठवणीने सांगितले. हे नाव सांगणे म्हणजेच आमच्या आजच्या लेखाचे सार आहे. वाचकांनी ते ध्यानी ठेवून आता आमच्याबरोबर घरी यावे.

आमचे माळेगाव बुद्रुक बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. खंडोबाच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेले नांदेडकडचे माळेगाव ते हे नव्हे. आमचे साखर कारखान्याचे. तरी खंडोबा आम्हांसही दूर नाही. हाच रस्ता धरून नीरेच्या पुढे गेले की जेजुरी. ह्या टापूत मंगलकार्यानंतर कोणाकडे जागरण, कोणाकडे गोंधळ; ब्राह्मण घरेही ह्यास अपवाद नाहीत. जिची कुलदेवता तुळजापूरची वा माहूरची, त्या घराण्यात लग्नमुंजीनंतर गोंधळ घातल्यावाचून कार्य पुरे झाल्यासारखे वाटत नाही. जागरणात दिमडी व घाटी, गोंधळात संबळ, पोवाड्यात डफ. तालवाद्य बदलते, परंतु तिन्ही ठिकाणी मागे उभे असलेले तुणतुणे मात्र तेच.

वाद्याची घडण अगदी साधी. लाकडाचा पोकळ नळा, त्याचे एक तोंड उघडे आणि दुसरे कातड्याने मढविलेले. नळ्याच्या अंगाला एक काठी आणि तिच्या टोकाशी खुंटी. कातड्याच्या मध्यातून निघालेली एकच तार नळ्यातून वर खुंटीस जाते. पडदे नाहीत, दुसरी तार नाही, चाल वाजविण्याची सोय नाही. मग वाजविणाऱ्याचे कसब ते कोठे?

पहिले कसब सुरात. पावसाळी हवेने कातडे सैल पडले की तार उतरते आणि उन्हाने ताणले की चढते. गाणाऱ्याचा आवाजही रात्र चढेल तसा बदलतो. ही सारी ओढाताण सांभाळून खुंटी हळूच पिळीत राहावयाची, तीही कथा न थांबविता. दुसरे कसब लयीत. संबळ वा डफ आडवळणे घेतो, गाणारा शब्द लांबवितो, तेव्हा सरळ रेघ ओढून ठेवणारी ती एकच तार असते. तिने वाट सोडली की सगळेच रानात शिरतात. पोवाड्यात शाहीर बोलू लागला की ती तार दबकते, आणि लढाईचे वर्णन आले की ठोके दाट होतात. तिसरे कसब असे की, हा सर्व वेळ वाजविणारा झीलही धरीत असतो. हात लयीत आणि गळा सुरात. मेबेल कार्टरच्या हाताचे कौतुक करणाऱ्यांनी आपल्या झीलकऱ्याकडेही एकवार पाहावे.

तुणतुण्याचे एक भावंड म्हणजे चौंडके. यल्लम्माचे जोगती व जोगतिणी ते वाजवितात. नळा डाव्या काखेत धरावयाचा, तारेचे टोक डाव्या मुठीत ताणावयाचे आणि उजव्या हाताने छेडावयाचे. मूठ आवळली की सूर चढतो, सैल केली की उतरतो. त्यामुळे एकाच तारेतून बोलल्यासारखा आवाज निघतो. बंगालातील बाउलांचे खमक ह्याच तत्त्वावर चालते. देवास मुली वाहण्याची रीत ह्या वाद्याच्या आसपास होती, ती अमानुष होती, आणि तिच्याविरुद्ध मुंबई इलाख्यात 1934 सालीच कायदा झाला हे योग्यच झाले. पण दोष रीतीचा. तारेचा नव्हे, आणि जिच्यावर ती रीत लादली गेली त्या बाईच्या हाताचा तर नव्हेच नव्हे.

तिसरे भावंड वीणा. आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी बारामतीस मुक्काम करते आणि पुढे काटेवाडीस मेंढ्यांचे रिंगण होते. त्या दिंड्यांत विणेकऱ्याकडे पाहावे. टाळ-मृदंगाच्या कल्लोळात त्याच्या तारा शेजाऱ्यासही धड ऐकू येत नसतील. तरी बोट थांबत नाही. अखंड सप्ताहात तर पहारा बदलताना वीणा भुईवर टेकत नाही, ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. स्वतःस ऐकू जावे म्हणून नव्हे, तर इतरांचा सूर सुटू नये म्हणून वाजविणे, ही ह्या वादनाची रीत होय. तंबोऱ्यामागे बसलेल्या शिष्याचे काम ह्याहून वेगळे काय असते? परंतु त्या तंबोऱ्यास आपण शास्त्रीय म्हणतो आणि तुणतुण्यास चेष्टेचा विषय करितो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांस 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. तुणतुणे कोणी कोठे केले हे विचारण्याचे मात्र आपणांस सुचत नाही.

आता नावांचा हिशेब पाहू. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा रचणारा अगीनदास आपणांस ठाऊक आहे. अ‍ॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम ह्यांनी 1891 साली पोवाड्यांचा संग्रह छापला, म्हणून कितीतरी कवने वाचली. बारामतीस राहून मोरोपंतांनी (1729–1794) आर्या रचल्या, आणि सोलापूरच्या राम जोशांनी लावण्यांच्या जोडीने त्या आर्याही कीर्तनातून गावोगाव नेल्या. रेठऱ्याचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे घरदार सोडून तमाशात गेले आणि पठ्ठे बापूराव (1866–1945) म्हणून अमर झाले. ही सर्व नावे आपण अभिमानाने घेतो. त्यांत आपल्या जातीचे असले तर किंचित अधिकच. पण अगीनदासामागे तार कोणी धरली होती? राम जोशांच्या फडात सूर कोण देत होता? बापूरावांच्या मागे झील कोणाची होती? शब्द कागदावर आले, हात आले नाहीत. 1902 साली कलकत्त्यास तबकडी भरताना गौहरजानने गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारले. मागच्या रांगेत उभे राहणाऱ्यास ती संधी कोण देणार?

ती संधी आपणच देऊ शकतो, आणि तीही फार दूर न जाता. आजकाल गोंधळाची स्थिती काय आहे, हे प्रत्येक घरास ठाऊक आहे. 'रात्रभर कोणास वेळ आहे, तासाभरात आटपा' असे आपणच सांगतो. काही ठिकाणी तर संबळ-तुणतुण्याचे मुद्रण ध्वनिक्षेपकावर लावून कुलधर्म उरकला जातो. ज्याचा बाप आणि आजा वाजवीत आला, त्याच्या मुलाने मग ह्या वाद्यास हात का लावावा? त्याने दुसरा धंदा धरला तर त्यास बोल लावण्याचा आपणांस काडीचाही अधिकार नाही. एक हात थांबला की त्या हाताची रीत थांबते, आणि ती पुस्तकातून पुन्हा शिकता येत नाही.

म्हणून आमची वाचकांस विनंती एवढीच. पुष्कळ घरांत कुलधर्म-कुलाचाराची वही असते. नैवेद्य काय, ओटी कशी, बोडण केव्हा, हे सर्व तीत लिहिलेले असते. पुढच्या वेळी गोंधळ वा जागरण झाले की त्याच वहीत तीन ओळी वाढवाव्यात: तुणतुणे कोणी धरले, तो कोणत्या गावचा, आणि तो कोणाकडून शिकला. बिदागी देताना मुख्य गोंधळ्याच्या बरोबरीने त्याच्याही हातात वेगळी द्यावी आणि पंगतीत त्यास मागे ठेवू नये. घरात जो गिटार वाजवितो, त्या मुलास मुद्दाम त्याच्या शेजारी बसवावे. वाजविणाऱ्याची संमती घेऊन त्या मुलाने आपल्या फोनवर त्याचा हात टिपून ठेवावा. अंगठा आणि तर्जनी ह्यांची भाषा त्यास आधीच कळते. आपल्या आजोबांपेक्षा तोच ते वादन अधिक बारकाईने पाहील, असा आमचा अंदाज आहे.

आणि वडीलधाऱ्यांनी गिटारीस तुणतुणे म्हणावयाचेच असेल तर खुशाल म्हणावे. फक्त ते शिवी म्हणून नव्हे, मान म्हणून म्हणावे.