धुरकट दारे फेकू नका

ढाली-चषकांच्या कपाटाची अ‍ॅक्रिलिकची दारे धुरकट झाली, ती बदलावीत अशी सूचना पालकसभेत आली. माझे मत वेगळे आहे. ही दारे वयाने नव्हे, तर काच पुसायच्या अमोनियाच्या द्रावणाने आणि थिनरने बिघडली. पुसण्याची रीत तीच राहिली, तर नव्या दारांचीही हीच गत होईल.

धुरकटपणा वरच्या थरातला असेल तर तो निघतो. ८००, मग १२००, शेवटी २००० नंबरचा वॉटर पेपर भिजवून हलक्या हाताने फिरवावा. आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा घेऊ नये. घाई नडते ती इथेच. कोरडे घासले तर अ‍ॅक्रिलिक तापते. शेवटी प्लास्टिकचे पॉलिश सुती कापडाने लावावे. स्क्रूच्या भोकांपाशी किंवा कापलेल्या कडांना कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा आत उतरल्या असतील, तर मात्र तेवढे दार बदलावेच लागेल.

हे काम नववीच्या मुलांना कार्यानुभवाच्या तासाला द्यावे. वाचलेल्या पैशांत ग्रंथालयाला पुस्तके येतील. आणि शिपाईमामांना स्पिरिट-थिनरऐवजी सौम्य साबणाचे पाणी व मऊ ओले फडके द्यावे. कोरड्या फडक्याने धूळच ओरखडे काढते.