स्टेरॉइडजन्य रक्तदाब, कुटकी आणि आमचा उतावळेपणा

आमवात वा तमकश्वासासाठी वर्षानुवर्षे प्रेड्निसोलोन घेणारा रुग्ण आपणां सर्वांच्याच चिकित्सालयात येतो. गोलावलेला चेहरा व वाढलेला रक्तदाब पाहिला की आपण मीठ बंद करवितो आणि गोक्षुर-पुनर्नवा सुरू करतो. स्टेरॉइडमुळे शरीरात मीठ-पाणी साचते, हे त्यामागील गृहीतक. आमच्या मते ही संप्राप्ती अपुरी आहे. डेक्सामेथासोनच्या ठायी मीठ साठविण्याचा गुण जवळजवळ नाही; तरीही त्याने रक्तदाब वाढतो.

मग विकृती कोठे? रक्तवाहिनीच्या अंतःस्तरातून स्रवणारे नायट्रिक ऑक्साइड वाहिनीस शिथिल ठेवते. स्टेरॉइडच्या अतियोगाने तेथे सुपरऑक्साइड वाढते, ते नायट्रिक ऑक्साइडला गिळते आणि त्यांच्या संयोगातून पेरॉक्सिनायट्राइट हे दाहक द्रव्य बनते. वाहिनी आकुंचित राहते. यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. ऑस्ट्रेलियातील ज्यूडिथ व्हिटवर्थ व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर हे तपासले. सुपरऑक्साइड नष्ट करणारे टेम्पॉल दिल्यास डेक्सामेथासोनचा रक्तदाब रोखला गेला. सुपरऑक्साइड निर्माण करणारे एन्झाइम अडविणाऱ्या ॲपोसायनिननेही तेच साधले.

हे ॲपोसायनिन आपल्या कुटकीत असते! हे कळताच आमच्या काही मित्रांनी आरोग्यवर्धिनीला स्टेरॉइडजन्य रक्तदाबावरील औषध ठरवूनही टाकले. आम्हांस हा उतावळेपणा मान्य नाही. प्रयोगात दिले ते शुद्ध द्रव्य, तेही उंदरांना; कुटकीच्या मुळात ते अनेक घटकांपैकी एक आहे आणि आपल्या मात्रेतून ते किती पोहोचते, हा हिशेब कोणी मांडलेला नाही. शिवाय 2000 साली प्रसिद्ध झालेल्या 'होप' या मोठ्या चाचणीत जीवनसत्त्व ई देऊन हृदयविकार टळले नाहीत. प्राणवायूजन्य ताण खरा असला तरी त्यावर कोणतेही 'अँटिऑक्सिडंट' चालते असे नव्हे. 'रसायन' या शब्दाचे भाषांतर 'अँटिऑक्सिडंट' असे करण्याची आपल्या व्याख्यानांतील सवयही आम्हांस खटकते. रसायनाची कल्पना त्याहून पुष्कळ व्यापक आहे.

उलट एका द्रव्याविषयी आपण फारच निश्चिंत आहोत, ते म्हणजे यष्टीमधु. त्यातील ग्लिसिऱ्हिझिन मूत्रपिंडातील कॉर्टिसॉल निष्क्रिय करणाऱ्या एन्झाइमला रोखते. परिणामी मीठ साचते, पोटॅशियम घटते, रक्तदाब चढतो. स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णास खोकला वा आम्लपित्तासाठी यष्टीमधु दीर्घकाळ देणे म्हणजे दुखण्यात भर घालणे होय. एका चुकीस दोन मार्ग मिळतात.

आणखी एक गोष्ट स्पष्टच बोलली पाहिजे. सांधेदुखीच्या ज्या निनावी पुड्या 'आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जातात, त्यांत अनेकदा डेक्सामेथासोन वा बीटामेथासोन सापडले आहे. रुग्णास स्वतःलाही ठाऊक नसते की तो स्टेरॉइडवर आहे. म्हणून तीन दिवसांत उतार देणाऱ्या पुडीची चौकशी प्रत्येक वाढलेल्या रक्तदाबाच्या रुग्णाकडे व्हावी. ती आढळल्यास लगेच बंद करू नये. अधिवृक्क ग्रंथी सुप्त झालेली असते व अचानक थांबविल्यास जिवावर बेतते. संबंधित तज्ज्ञाच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू कमी करावी, आणि त्या काळात प्रत्येक भेटीत रक्तदाब व रक्तशर्करा यांची नोंद रुग्णपत्रिकेवर करावी.